पेवाला दिवा हवा होता

त्या मंगळवारी संघर्षची साप्ताहिक सुट्टी होती. पण कंपनीत सुरक्षेचं प्रशिक्षण ठेवलेलं, आणि त्या वहीत सही नसली की ऑडिटवाले वर्षभर डोकं खातात. म्हणून यवतच्या भाड्याच्या खोलीवरून तो निघाला तो नुसती सही ठोकायला. सही, वडापाव आणि पोबारा, एवढाच बेत. आता माणूस इतक्या साध्या कामाला निघाला की समजावं, पुढं काहीतरी शिजतंय.

कंपनी औषधांची, चौफुल्याच्या अलीकडं आडबाजूला. संघर्ष तिच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. मूळचा निमोण्याचा, हुशार पोरगा. बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेला, त्यामुळं भूत, भानामती, उतारा, लिंबू-मिरची असलं काही त्याच्या खिजगणतीत नव्हतं. स्मशानाच्या कडेनं जाताना लोक पाय उचलतात, हा थांबून तिथं मोबाईलला रेंज शोधायचा.

प्रशिक्षण सीमा मॅडम घेत होत्या. विषय ईथर. दिसायला पाणी, वासाला गोडसर, आणि स्वभाव आगंतुक पाहुण्याचा. झाकण उघडायचा अवकाश, घरभर पसरणार.

"याची वाफ हवेपेक्षा जड असते," मॅडम सांगत होत्या. "ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. पंधरा-वीस पावलांवर शेगडी असेल तर तिच्यापर्यंत जाते आणि जाळ घेऊन माघारी येते. खोलगट जागेत शिरली की तिथून हलत नाही. श्वासात गेली की आधी हलकं वाटतं, मग झोप येते, मग..."

"मग भरपगारी रजा," मागून भिमाजी म्हणाला. हा बॉयलरवरचा मदतनीस, पन्नाशीचा, जिभेला हाड नसलेला. सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "भिमाजी, तुम्हीच सांगा. टाकीत किंवा खड्ड्यात उतरण्याआधी आतली हवा कशी तपासाल?"

"त्यात काय अवघड? पेटता दिवा सोडायचा दोरीला बांधून. इझला तर माघारी फिरायचं, जळत राह्यला तर बिनघोर उतरायचं. आमचं म्हातारं पेवात उतरताना हेच करायचं."

आपल्या भागात हे पोरासोरांनाही ठाऊक. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून आत जाईल असं. खाली मात्र रांजणासारखं पोट, दीड-दोन पुरुष खोल. बंद पेवातली हवा माणूस मारते, म्हणून आधी दिवा. पिढ्यान् पिढ्यांची अक्कल आहे ती, चेष्टेवारी नेण्यासारखी नाही.

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "ईथर असेल तिथं दिवा विझत नसतो, भिमाजी. तिथं आपण विझतो. दिव्यासकट."

संघर्षच्या तोंडातला वडापावचा घास तोंडातच राहिला.

गोष्ट अशी होती. निमोण्याला त्यांच्या शेजारच्या वस्तीवर तात्याबा नावाचा म्हातारा राहायचा. संघर्षच्या वडिलांचा जिवाभावाचा दोस्त, आणि त्याचा मुलगा पप्पू हा संघर्षचा वर्गमित्र. तात्याबाच्या घराच्या पायात घुशींनी उच्छाद मांडला होता. विषाला तोंड लावत नव्हत्या, पिंजऱ्याला जुमानत नव्हत्या, आणि भिंत एका बाजूनं खचत चाललेली. मागल्या सुट्टीला तात्याबानं त्याला गाठलं. "लेका, एवढा सायन्स शिकला. औषध दे की काहीतरी."

आणि शहाण्या संघर्षला कॉलेज आठवलं. तिथं ईथरनं उंदीर झोपवायचे. लॅबमध्ये मुदत उलटलेली अडीच लिटरची एक बाटली नष्ट करायला बाजूला काढलेली होती. झाकणाला पांढरे खडे धरलेले नाहीत ना, एवढं त्यानं नीट पाहिलं, कारण तसली बाटली झाकण फिरवलं तरी फुटते. खडे नव्हते. शहाणपण तेवढ्यावर संपलं, आणि बाटली पिशवीतून, दुकानातली म्हणून, निमोण्याला गेली. "कापसाचा बोळा भिजवायचा आन् बिळात कोंबायचा," त्यानं बजावलं होतं. "बास. चुलीपासून लांब."

पण आपला शेतकरी. औषधाच्या पुडीवर एक टोपण लिहिलेलं असलं की दोन टोपणं घालणार, कमी पडायला नको म्हणून! सोमवारी रात्री तात्याबाचा फोन आला होता. "बिळं कुठं हुडकू रं? समदी जुन्या पेवात निघत्यात. सकाळी पेवातच वततो सगळं, वर शिळा सरकवतो. दुपारी उघडून पप्पूला पाटी घेऊन उतरवतो." संघर्ष तेव्हा मॅच बघत होता. शेवटचं षटक. तो म्हणाला होता, "हां आबा, हां हां."

पप्पू उतरणार. आणि तात्याबा जुना, जाणता, काळजीवाहू माणूस. पोटच्या पोराला आत सोडण्याआधी तो आधी काय सोडणार?

घड्याळात साडेअकरा झाले होते.

संघर्षनं सही केलीच नाही. फाटकाकडं पळता पळता फोन लावला. तात्याबाचा वाजून वाजून बंद पडला. म्हातारा मोबाईल चार्जिंगला लावून खुंटीला टांगतो आणि विसरतो. पप्पूचा फोन लागला तर बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पप्पू वस्तीवर असेल तर क्षेत्राच्या बाहेर कसा? म्हणजे, जमिनीच्या वर असेल तर! घरची सगळी आणि पप्पूची बायको परगावी लग्नाला गेलेली, दुसरं कुणाला लावणार?

चौफुल्यावरून मोटारसायकलनं न्हावऱ्याचा रस्ता धरला. कारखान्याला निघालेल्या उसाच्या जोड-ट्रॉल्या, एकेक गाव ओलांडावं तशा ओलांडाव्या लागत होत्या. पारगावचा पूल कधी गेला त्याला कळलं नाही. प्रत्येक चढावर तो समोरच्या आभाळात निमोण्याच्या दिशेला धूर दिसतोय का ते बघत होता. आभाळ स्वच्छ होतं. जानेवारीतलं कोरडं, निळं, टक्क आभाळ. तेही त्याला बरं वाटेना.

वस्तीच्या अलीकडं शंभर पावलांवर त्यानं गाडी बंद केली, ठिणगी नको म्हणून, आणि पळत सुटला. बारा वाजून गेले होते. भुतांना काळोख लागतो असं सांगणाऱ्यांनी भर दुपारची रिकामी वस्ती पाहिलेली नसते. झाडाचं पान हलत नव्हतं. कुत्रं होतं, ते गोठ्याच्या मागं अंग चोरून बसलेलं, भुंकलंसुद्धा नाही. कोंबड्या अंगणाच्या पार त्या टोकाला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. आणि वास. गोडसर, गार, दवाखान्याचा.

पेवावरची शिळा बाजूला सरकवलेली होती. काठावर तात्याबा उकिडवा बसलेला. एका हातात दोरी बांधलेली रॉकेलची चिमणी, दुसऱ्या हातात काडेपेटी. कानामागं बिडी.

"आबा! काडी ओढू नका!"

म्हाताऱ्यानं मान वर केली. चेहरा पांढराफटक. "संघर्षा... पप्प्या आत हाय. म्या दिवा आणाया घरात गेलो, तवर हे गाढव मोबाईलची बॅटरी लावून उतारलं. आता उठंना. पर बोलतंय रं. अंधार हाय म्हणतंय. दिवा सोडतो, म्हंजी त्येला दिसंल तरी..."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. एक चिलीम वढाया लागंल, तेवढा येळ झाला आसंल."

तेवढ्यात आवाज आला. पेवातून. पप्पूचाच आवाज, थोडा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा.

"आबा... अंधार हाय... दिवा सोडा..."

संघर्षनं छातीभर श्वास घेतला, कोंडला, आणि पालथं पडून आत डोकावला. खाली मोबाईलची बॅटरी चालूच होती. पप्पूच्या हातातून पडलेली, उजेड वरच्या दिशेला. त्या उजेडात पप्पू स्वच्छ दिसत होता. भिंतीला पाठ टेकून बसलेला, मान मागं, तोंड सरळ वर. डोळे मिटलेले. ओठ घट्ट मिटलेले.

"आबा..." आवाज म्हणाला. "काय बी दिसंना... दिवा..."

ओठ हलले नाहीत.

संघर्ष मागं सरकला, चार पावलं लांब गेला आणि मग श्वास सोडला. हे सगळं औषधानं होतं, त्यानं स्वतःला सांगितलं. ईथर डोक्यात गेलं की भास होतात. पुस्तकात आहे. पण त्यानं श्वास तर घेतलाच नव्हता. आणि तात्याबा काठावर, उघड्या हवेत, मान हलवून त्या आवाजाला उत्तर देत होता.

"व्हय रं बाळा, सोडतो, सोडतो..." आणि काडेपेटी उघडली.

संघर्षनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"सोड! माझं प्वार हाय त्ये!"

"आबा, दिवा पेटला तर पेव पेटंल. पप्पूसकट. आपल्यासकट."

"येडा का खुळा तू? दिवा इझला तर माघारी, जळला तर उतरायचं. बापजाद्यांची रीत हाय. तुझ्या पुस्तकात नसंल!"

"ती रीत कुजक्या हवेसाठी हाय, आबा. ही हवा तसली न्हाई. ही हवा मी आणलीया." तो एका दमात सांगत सुटला. "ती बाटली दुकानातली नव्हं. कंपनीतनं चोरून आणली मी. फेकायला काढलेली. बोळा भिजंल येवढंच घ्यायचं, तिथं तुम्ही सगळी वतली, आन् काल तुम्ही सांगत हुता तवा मी ऐकलंच न्हाई. पप्पूला काय झालं तर मला हाणा, पोलिसात द्या, काय बी करा. पर काडी वढू नका."

म्हाताऱ्यानं सावकाश काडेपेटी मिटली, आणि जणू तिच्यात साप असावा तशी लांब भिरकावली. कानामागची बिडीही.

पेवात कुणीतरी उसासा टाकला. लांबलचक, कंटाळलेला.

"गळ कुठाय?" संघर्षनं विचारलं. विहिरीत पडलेली घागर काढायचा लोखंडी गळ. "मी आत उतरलो तर मी बी त्याच्याशेजारी बसंन. वरूनच काढायचा."

गळ गोठ्यात होता. संघर्षनं पोतं फाडून त्याच्या प्रत्येक आकड्याला गुंडाळलं, आकड्याचं टोक तेवढं मोकळं ठेवलं, आणि सगळं पाण्याच्या टाकीत बुडवलं. दोरही बुडवला. लोखंड दगडाला घासून ठिणगी पडली तरी काम झालंच असतं. तात्याबा पोत्याच्या गाठी मारत होता आणि तोंडानं पुटपुटत होता.

"आमची आक्काबाई आत्या... दुष्काळाच्या साली जुंधळा काढाया ह्याच पेवात उतारली. घाईत दिवा सोडायचा राह्यला. मागाहून सोडला, तर आर्ध्या वाटंतच इझला. लय येळ मागत हुती दिवा... आज्जा सांगायचा, ती गेल्यावर बी मागत हुती. म्हून शिळा ठिवली व्हती..."

"आबा, आत्ता नगं."

संघर्ष पुन्हा पालथा पडला. श्वास कोंडायचा, गळ सोडायचा, पप्पूनं पाटी अडकवायला काखेतून छातीवर आवळलेल्या पट्ट्याला भिडवायचा, छाती फुटायला लागली की मागं येऊन श्वास घ्यायचा. पहिल्यांदा गळ सटकला. दुसऱ्यांदा खिशात अडकला आणि खिसा फाटून आला. पप्पूचे ओठ निळसर दिसायला लागले होते. आणि तो कान बंद ठेवू शकत नव्हता.

"आबा..." आवाज आता लाडात आला होता. "घाबरता कशाला... येवढीशी चिमणी..."

तात्याबानं दोन्ही कानांवर हात ठेवले. दोराचं टोक दातात धरलेलं.

तिसऱ्यांदा गळ पट्ट्यात बसला. त्याच क्षणी खालचा आवाज बदलला. आता तो पप्पूचा नव्हता. बाईचा होता, म्हातारीचा, आणि अगदी जवळून, त्याच्या कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा.

"संघर्षा, तू तर शिकल्याला. तुला तर ठावं हाय काय हुतं त्ये. एकच काडी..."

आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी त्याला वाटलं की काय हरकत आहे. खाली उजेड होईल. एकदाचा. इतका उजेड, की कुणी पुन्हा मागणारच नाही. त्याची नजर काडेपेटी पडली होती तिकडं गेलीसुद्धा.

"वढ रं!" तात्याबा ओरडला.

त्यानं ओढलं. दोर अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला एक वेढा देऊन घेतलेला, तरी दोघांच्या नसा तटतटल्या. पप्पू सत्तर किलोचा गडी. पण दोराला ओझं होतं ते सत्तर किलोचं नव्हतं. दोन माणसं लोंबकळावीत तसा दोर करकरत होता. कमरेएवढा वर आला, पुन्हा वीतभर खाली गेला. पुन्हा वर. तात्याबा रडत होता, शिव्या देत होता, पोराला की दुसऱ्या कुणाला, देव जाणे.

"आत्या, सोड," तो एकदम म्हणाला. हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "माझं येकच हाय गं. सोड."

दोर हिसका बसून हलका झाला. दोघं पाठीवर आपटले.

पप्पूचं डोकं आणि खांदे तोंडाशी आले होते. संघर्षनं श्वास धरून त्याच्या काखांत हात घातले, बाहेर खेचला आणि तसाच फरपटत शेताच्या बांधापर्यंत नेला. ओली पोती पेवाच्या तोंडावर टाकून तात्याबा मागं धावत आला. संघर्षनं पप्पूच्या अंगावरचा, वाफ मुरलेला शर्ट फाडून लांब फेकला. छाती हलत नव्हती. मग संघर्षनं कंपनीत शिकवलेलं सगळं केलं, तोंडाला तोंड लावून, मोजत, विसरत, पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच वेळानं पप्पू खोकला. मग ओकला. मग डोळे न उघडता म्हणाला, "आयला... घुशी किती हायेत खाली..."

तात्याबानं त्याच्या एक मुस्काडात लगावली आणि त्याला कवटाळून हमसाहमशी रडायला लागला.

पुढचं सगळं सरळ झालं. अॅम्ब्युलन्स आली, शिरूरचा दवाखाना झाला. पेव तीन दिवस उघडं ठेवून, वस्तीवरची चूल बंद ठेवून, हातानं फिरवायच्या उफणणीच्या पंख्यानं लांबून वारा घातला, आणि मग मुरुमानं गच्च भरून टाकलं. संघर्षनं सीमा मॅडमसमोर उभं राहून सगळं सांगितलं. नोकरी जाता जाता राहिली. भुताबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही. त्याच्या मते ते भूत नव्हतंच. उन्हातली धावपळ, भीती, थोडी वाफ. त्यानं तसं मनाशी पक्कं केलं होतं.

चौथ्या दिवशी तो शहाळं घेऊन दवाखान्यात गेला. पप्पूची बायको ज्ञानेश्वरी खाटेशी बसली होती.

"या भाऊजी," ती म्हणाली. "आज काय आणलं? पुन्हा घुशीचं औषध?"

"वहिनी, किती वेळा माफी मागू?"

"मागा की रोज. मला करमणूक." आणि ती हसत चहा आणायला गेली.

दार लागलं तसा पप्पू गंभीर झाला. "संघ्या, एक सांगू? कुणाला बोलू नगं. खाली मी एकटा नव्हतो."

"पप्पू, ते औषध डोक्यात जातं. भास..."

"ऐक तर. शेजारी कुणीतरी बसलं हुतं. बाई. दिसली न्हाई, पर लय मायेनं बोलत हुती. इचारत हुती, ह्ये औषध कुठलं. म्या म्हणलं दुकानातलं, मला आबानी तसंच सांगितल्यालं. तर हसली. म्हणली, न्हाई, तुझ्या दोस्ताच्या कंपनीतलं हाय. तिथं आसल्या बाटल्या किती हायेत, म्हणली."

संघर्षनं शहाळं खाली ठेवलं. "मग? तू काय सांगितलंस?"

"मला काय ठावं? म्या म्हणलं, संघर्षला इचार."

"आणि?"

"म्हणली, बरं. इचारते."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. पप्पूनं उशाचा तांब्या उचलून तोंडाला लावला. संघर्ष खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. उद्या त्याची पहिली पाळी होती. कंपनीतली ती द्रावणांची खोली, अर्धी जमिनीत, तीन पायऱ्या उतरून जायची, आणि सकाळी ती उघडायची ती त्यानंच.

"किती हायेत रं?" मागून पप्पूचा आवाज आला.

"एकशे बेचाळीस," संघर्ष म्हणाला.

म्हणाला आणि वळला. पप्पू तांब्या तोंडाला लावून अजून घटाघटा पाणीच पीत होता.